डब्यावरचे कागदी घोडे

राहात्यात एचपी कुणाला शिकवावी लागत नाही. विहिरीवर पाचची मोटर, बोअरवर साडेसातची, पेरूच्या बागेत ब्लोअर ओढायला चोवीसचा छोटा ट्रॅक्टर आणि गणेशनगरच्या किंवा प्रवरानगरच्या कारखान्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या न्यायला पन्नासचा. माणसं नुसता आकडा बोलतात, पुढचं ऐकणाऱ्याला कळतं. अशा गावात मुठीत मावणाऱ्या इंजिनाच्या डब्यावर ‘३ एचपी’ छापलेलं निघालं, तर वाद होणारच.

वाद घालणारे दोघे. मामा नगर-मनमाड रस्त्याकडेच्या गॅरेजात डिझेल इंजिनं आणि ट्रॅक्टर खोलणारे जुने फिटर. भाचा लोणीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. त्याने मित्राकडून रिमोटवर पळणारी जुनी बग्गी आणली होती, नायट्रो इंजिनाची. डब्यावर लिहिलेलं : ३.५ सीसी, ३ एचपी, ३३,००० आरपीएम. वाद डब्यावरून सुरू झाला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जाऊन बसला. मी दोघांचंही ऐकून घेतलं. माझा कल कुणाकडे आहे ते मात्र लपवणार नाही.

मामा : तीन एचपी? हे? अरे, तीनचं डिझेल इंजिन जागचं हलवायला दोन गडी लागतात.

भाचा : प्रश्न वजनाचा नाही मामा, फेऱ्यांचा आहे. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. तुमचं डिझेल इंजिन मिनिटाला पंधराशे फिरतं, हे तेहतीस हजार. बावीसपट. टॉर्क चिमूटभर असला तरी गुणाकार मोठा येतो.

मामा : गुणाकार कागदावर येतो. मला पाणी काढून दाखव.

भाचा : पाणी काढायला बनवलंच नाही ते.

मामा : मग त्याला एचपी कशाला लावता? माझं म्हणणं एवढंच आहे. विकणाऱ्याचा आकडा हा विकणाऱ्याचा असतो. तीस वर्षं बघतोय, प्लेट वाचून मी एकही इंजिन पारखलं नाही. लोड टाकायचा, धूर बघायचा, डिझेल मोजायचं. झालं.

भाचा : आणि माझं म्हणणं, आकडा फेकून द्यायचा नसतो. त्याला प्रश्न विचारायचे असतात. खोटा असेल तर तो स्वतःच सांगतो.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे टू-स्ट्रोक इंजिन. त्यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. प्लॅटिनमयुक्त तारेची बारीक गुंडाळी सुरू करताना बॅटरीवर लाल करायची आणि मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे मिथेनॉलच्या संपर्काने आणि जळणाच्या उष्णतेने ती तार आपली आपण धगधगत राहते. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल एकत्रच असतं. पिस्टनला बहुधा रिंगा नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची क्रोम चढवलेली स्लीव्ह, आणि ती स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित अरुंद. थंड असताना हाताने फिरवलं तर वर येऊन अडकतं. गरम झालं की नेमकं बसतं. कारागिरी म्हणून ही वस्तू अफलातून आहे, हे मामांनीही ती खोलून बघितल्यावर कबूल केलं. आकडा मात्र कबूल केला नाही.

भाचा : आता हवेचा हिशोब करू. इंजिन शेवटी हवा ओढतं आणि त्या हवेत बसेल तेवढंच इंधन जाळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये किर्लोस्करचं एव्ही-वन आहे. ५५३ सीसी, ५ एचपी, १५०० आरपीएम. फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढणार. मिनिटाला ७५० वेळा. ५५३ गुणिले ७५०, सुमारे ४१५ लिटर.

मामा : बरोबर.

भाचा : ह्या नायट्रोचं ३.५ सीसी गुणिले ३३,०००. टू-स्ट्रोक आहे म्हणून प्रत्येक फेऱ्याला. सुमारे ११५ लिटर. ४१५ लिटर हवेत ५ एचपी, तर ११५ लिटरमध्ये?

मामा : (थोडं थांबून) दीडच्या आतच.

भाचा : १.४. म्हणजे डब्यावरच्या आकड्याच्या निम्मंही नाही.

मामा : मग मी काय वेगळं म्हणत होतो?

भाचा : तुम्ही आकडा न बघता खोटा म्हणालात. मी बघून म्हणतोय, आणि अजून पूर्ण खोटा म्हणत नाही. कारण तुमचं डिझेल सगळी हवा वापरतच नाही. सगळ्या हवेला पुरेल एवढं डिझेल टाकलं तर काळा धूर. शिवाय त्या ५ एचपी म्हणजे दिवसभर सलग द्यायची ताकद, वर बारा तासांत एक तास दहा टक्के जास्त लोड सोसायची सोय. नायट्रोचा आकडा हा क्षणभराचा उच्चांक. तिसरी गोष्ट इंधनाची. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आतबाहेर, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. आणि मागचा फुगीर पाइप. धुराची लाट परत येते आणि बाहेर निसटू पाहणारी ताजी हवा पुन्हा सिलिंडरात ढकलते.

मामा : हे सगळं धरून किती?

भाचा : दोन पटतात. अडीच फार चांगल्या रेसिंग इंजिनाचे. तीनसाठी सगळंच जुळून यायला हवं. एका फेऱ्याला दोन मिलिसेकंदही मिळत नाहीत, तेवढ्यात सिलिंडर धुऊन भरायचा. शिवाय एवढ्या वेगाला घर्षण आपला वाटा घेणारच.

ह्या हिशोबाला कुठलं यंत्र लागलं नाही, हे मला आवडलं. सीसी आणि आरपीएम कंपनीने स्वतःच छापले होते. तिच्याच दोन आकड्यांनी तिच्या तिसऱ्या आकड्याची साक्ष घेतली. पण मामा अशा विजयावर थांबणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी डबा पुन्हा हातात घेतला.

मामा : हे तेहतीस हजार आरपीएम तीन एचपीच्या वेळचेच कशावरून? कुठलंही इंजिन जास्तीत जास्त फिरतं एका ठिकाणी आणि जास्तीत जास्त ओढतं दुसऱ्या ठिकाणी. शेजारी शेजारी छापलं म्हणून दोन्ही एका वेळचे होत नाहीत.

भाचा : हा प्रश्न मी विचारला नव्हता.

मामा : अजून ऐक. इंधन कुठलं घातलं होतं मोजताना? पाइप डब्यातलाच होता की रेसचा दुसरा?

भाचा : तिथेच तर मेख आहे. तीस टक्के नायट्रोवर मोजलेलं इंजिन सोळा टक्क्यांवर चालवलं तर तीच ताकद मिळणार नाही. आणि युरोपात सर्वसामान्य गिऱ्हाइकाला परवान्याशिवाय सोळा टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेनचं मिश्रण घेताच येत नाही. स्फोटकांच्या कच्च्या मालाबद्दलचा कायदा आहे तो.

मामा : म्हणजे डबा एका जगातला आणि गाडी दुसऱ्या जगातली.

भाचा : पण मोजणं म्हणून काही असतंच ना मामा. रोप ब्रेक डायनॅमोमीटरचं प्रॅक्टिकल केलंय आम्ही. ड्रमवर दोर, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स, आणि ड्रम थंड ठेवायला आत पाणी. वजनातून बॅलन्सचं रीडिंग वजा केलं की ओढ मिळते. ती ड्रमच्या त्रिज्येने आणि फेऱ्यांनी गुणली की ताकद. दोनशे वर्षांपूर्वी प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने काढलेल्या ब्रेकचंच हे भावंड.

मामा : तेहतीस हजारांवर दोर लाव आणि मला राख दाखव.

भाचा : म्हणून तिथे जड चकती लावतात. चकतीचं जडत्व माहीत असतं; ती किती झपाट्याने वेग घेते त्यावरून कॉम्प्युटर ताकद काढतो. पण एवढ्या छोट्या इंजिनात तापमान थोडं बदललं, कार्ब्युरेटरची सुई जरा फिरली, तरी रीडिंग बदलतं. शिवाय आलेखातलं एखादं उंच टोक उचलून तेच छापायचा मोह असतोच.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ लिहिलेलं असायचं ते ज्यांना आठवतं, त्यांना हा मोह नव्याने सांगायला नको. त्या पेटीतून खरोखर सलग हजार वॉट कधी निघतच नसत.

मामांनी मग त्यांचा हुकमी प्रश्न टाकला : रस्त्यावर किती? भाच्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने गणित मांडलं. बग्गी साडेतीन किलोची. जागेवरून ताशी ७२ किलोमीटरपर्यंत, म्हणजे सेकंदाला २० मीटर, न्यायला ७०० ज्यूल ऊर्जा लागते. ३ एचपी म्हणजे सुमारे २२४० वॉट. ती सगळी चाकाला पोचली तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यातच बग्गीने तो वेग गाठायला हवा.

मामा : आणि लागतात किती?

भाचा : समजा दोन सेकंद लागले, तर सरासरी ताकद झाली ३५० वॉट. अर्धा एचपी.

मामा : (मनापासून हसत) तीनाचा अर्धा झाला!

भाचा : हसू नका. त्यात टायर घसरतात, हवा अडवते, क्लच सरकतो आणि इंजिन उच्चांकाच्या फेऱ्यांवर फार थोडा वेळ असतं. म्हणजे तीन खोटे हे यातून सिद्ध होत नाही. पण डब्यावरचा आकडा वाढला म्हणून गाडी तेवढी पळेल असं नाही, हे सिद्ध होतं. दोन इंजिनं तोलायची तर तीच गाडी, तेच गिअर, तोच रस्ता आणि स्टॉपवॉच.

मामा : हेच मी लोड टाकून करतो.

भाचा : हो. फक्त तुम्ही लिहून ठेवत नाही.

हा टोला बसला. मामांची परीक्षा कितीही खरी असली तरी ती मामांबरोबरच राहते. दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि ट्रॅक्टर घेणाऱ्याला तो आधी घेऊन मग लोड टाकता येत नाही. मोजलेला आणि लिहिलेला आकडा परक्या माणसाच्याही कामी येतो. एचपीचा जन्मच त्यासाठी झाला. जेम्स वॉटला वाफेचं इंजिन गिरणीमालकांच्या गळी उतरवायचं होतं आणि मालकांना फक्त घोडे कळत होते. त्याने घोड्याच्या कामाचा दर ठरवला, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. दिवसभर राबणारा साधा घोडा एवढं देत नाही. वॉटने घोडा फुगवला, त्यामुळे त्याच्या इंजिनाचे घोडे कागदावर कमी भरले आणि गिऱ्हाइकाला कबुलीपेक्षा जास्तच मिळालं. विक्रीचीच युक्ती, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकलेली. पुढच्या विक्रेत्यांनी एकक घेतलं, ही सवय नाही घेतली.

अमेरिकेत १९७१ पर्यंत मोटारींची ताकद बहुधा ‘ग्रॉस’ सांगत. म्हणजे एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, आल्टरनेटरचं ओझं नाही, अशा उघड्या इंजिनाची. १९७२ पासून ‘नेट’ सांगायला लागले आणि त्याच इंजिनांचे आकडे एका रात्रीत खाली आले. छोट्या इंजिनांचा किस्सा तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. गवत कापायच्या यंत्रांवर फुगवलेली एचपी लिहिली जाते, एकच इंजिन वेगवेगळ्या आकड्यांनी वेगवेगळ्या भावाला विकलं जातं, म्हणून २००४ साली तिथल्या ग्राहकांनी दावा लावला. २०१० मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यानंतर तिकडच्या पुष्कळ यंत्रांवरून एचपी गेली आणि टॉर्क आला.

मामा : सगळे फुगवतात, हेच तर मी म्हणतो.

भाचा : सगळे फुगवत नाहीत मामा. जपानमध्ये मोटार कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं, २८० च्या वर जायचं नाही. २००४ पर्यंत चाललं ते. गाडी त्याहून ताकदवान असली तरी कागदावर २८०.

मामा : जपान कशाला, राहाता बघ की. विहिरीवरच्या मोटारीच्या प्लेटवर तीन आणि आत वायंडिंग पाचचं, अशा किती मोटारी मी खोलल्या असतील. वीज बिल एचपीवर, मग प्लेट कशाला खरं बोलेल? आता साडेसातपर्यंत वीज माफ आहे. दहाची मोटर आहे असं कोण आपल्या तोंडाने सांगणार?

ह्या वाक्याने वादाला वेगळंच वळण दिलं. जपानचा विषय निघेपर्यंत दोघेही धरून चालले होते की खोटा आकडा नेहमी वरच्या दिशेने जातो. मामांनीच दाखवून दिलं की तो सोयीच्या दिशेने जातो. शेतीपंपांना साडेसात एचपीपर्यंत मोफत वीज २०२४ च्या एप्रिलपासून आहे. सरकारने एखाद्या आकड्यावर रेघ मारली की त्या रेघेच्या अलीकडे गर्दी होते. ट्रॅक्टरचंही तेच. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि इंजिन महाग झालं. त्यानंतर काही मॉडेलांचे आकडे पन्नासच्या जरा खाली येऊन बसले. म्हणून कुठलाही आकडा बघताना तो कुणाच्या फायद्याचा आहे ते आधी बघावं. फुगलाय की दबलाय, ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

भाचा : मग ट्रॅक्टर घेणाऱ्याने काय करायचं? तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्लेट वाचायची नाही.

मामा : प्लेटवर जे लिहिलंय ते इंजिनाचं. शेतात काम करतो पीटीओ, मागचा अवजार फिरवणारा शाफ्ट. पन्नासच्या इंजिनाला पीटीओवर बेचाळीस-त्रेचाळीस मिळाले तरी चांगलं. उरलेले गिअर आणि तेल खाऊन टाकतात. रोटाव्हेटर घेणारा इंजिनाचा आकडा धरून सात फुटी घेतो आणि काळ्या रानात घातला की इंजिन गुदमरतं. मग येतो माझ्याकडं, ‘नोझल बघा’ म्हणत. नोझल चांगलं असतं. आकडाच चुकीचा वाचलेला असतो.

भाचा : म्हणजे आकडा वाचायचाच. फक्त बरोबर शाफ्टवरचा.

मामा : (वैतागून) बरं, तसं म्हण.

भाचा : सरकारही तेच करतं मामा. यांत्रिकीकरणाच्या अनुदानात ट्रॅक्टरचे गट पीटीओ एचपीवर आहेत. आठ ते वीस, वीस ते चाळीस, चाळीस ते सत्तर. आणि पीटीओचा आकडा कंपनीच्या तोंडचा धरत नाहीत. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टर परीक्षणाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासून. तिथे पीटीओला डायनॅमोमीटर लावून मोजतात. नेहमीच्या हवेत एकदा आणि त्रेचाळीस अंशांच्या आसपासच्या गरम हवेत पुन्हा एकदा.

मामा : गरम हवेतलं पण?

भाचा : पण. एका युनिट कामाला डिझेल किती लागलं ते, आणि लोड वाढून फेरे पडायला लागले की टॉर्क किती वाढतो तेही.

मामा : हा शेवटचा आकडा कामाचा. दोन ट्रॉल्या घेऊन चढावर इंजिन दम धरतं की बसतं, ते यातून कळेल.

मामांनी कागदावरच्या आकड्याला ‘कामाचा’ म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भाच्याने ते ऐकलं नसल्यासारखं केलं, हा त्याचा शहाणपणा.

माझं मत द्यायचं तर पद्धत भाच्याची बरोबर आणि प्रश्न मामांचे. हवेचा हिशोब नसता तर ‘तीन एचपी’वर दोघे दिवस मावळेपर्यंत नुसते हुज्जत घालत बसले असते. आणि कुठल्या शाफ्टवर, कुठल्या फेऱ्यांना, कुठल्या इंधनावर, हे मामांनी विचारलं नसतं तर तो हिशोबही निम्माच राहिला असता. मामांची एक गोष्ट मला पटत नाही. ‘सगळेच फुगवतात’ म्हणून हात झटकले, की खरं मोजून छापणारा आणि वाटेल ते छापणारा एकाच पंगतीत बसतात. मग खरं छापण्यात कुणाचाच फायदा उरत नाही.

नायट्रो इंजिनांना बुदनी नाही. तिथे हौशी माणसाला स्वतःच्या स्टॉपवॉचवर आणि बेरीज-गुणाकारावरच भिस्त ठेवावी लागेल, आणि डब्यावर इंधन व पाइप लिहिलेला नसेल तर तो आकडा नाही असंच धरावं. ट्रॅक्टरचं तसं नाही. तो घ्यायला कर्ज काढावं लागतं, सात-बारावर बोजा चढतो. बुदनीचे अहवाल मॉडेलनिहाय संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. ते इंग्रजीत असले तरी आकडे वाचायला गावातला कॉलेजात जाणारा कुठलाही पोरगा पुरे. बुकिंगचे पैसे टेबलावर ठेवण्याआधी शोरूममधल्या माणसाकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा आणि पीटीओवरची सर्वाधिक ताकद त्यात दाखवायला सांगा. बॉनेटवरचा आकडा त्यानंतर वाचा.